लाकूड ऐकणारा माणूस

पेटीचा भाता दुरुस्त करून घ्यायला वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. शेजारी ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ दोन बास गिटार पारखत होते.

"स्पीकरला जोडून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"थांबा, आधी लाकूड ऐकू दे." त्यांनी एकेका गिटारच्या कडेला हनुवटी टेकवली, सर्वांत जाड तार छेडली आणि डोळे मिटले. मग चकचकीत गिटार परत करून साधी घेतली.

मला राहवेना. "ही का हो?"

"ती फार पुढेपुढे करते. ही गाणाऱ्याच्या पाठीशी उभी राहील."

मी साथीला पेटी वाजवतो, आणि आजवर माझी एकच तक्रार होती: माझ्या सगळ्या टाळ्या गाणाऱ्यालाच जातात!

घरी येऊन पेटीवर नुसता खर्जातला सा धरून बसलो.

"पुढे?" बायकोने विचारलं.

म्हटलं, "आज तू गा."