परीक्षेला बसलेलं पोट

आमच्या बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. तरी त्यांच्या पोटावर डॉक्टरांची आख्खी बॅच पास झाली, हे मी काल्हेरच्या गोदामात कामावर डबा खाताना सांगते आणि कुणाचा विश्वास बसत नाही.

बाबा भिवंडीत लूमवर होते. काविळीच्या विषाणूनं लिव्हर कडक झालं, पोट पाण्यानं फुगलं, बेंबीभोवती निळ्या शिरा उमटल्या. बाबांनी जन्मात बाटली उघडली ती फक्त खोबरेल तेलाची. पण लूमवर जो तो विचारणार, "चाचा, कितने साल से पीते हो?" शेवटी बाबा लाजेनं उन्हाळ्यातही स्वेटर घालू लागले.

मग त्यांना मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल केलं आणि तिथं त्याच पोटाला मान मिळाला. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले, "बघा, काय सुंदर केस आहे!" आईनंसुद्धा बाबांना कधी सुंदर म्हटलं नव्हतं. बाबांनी स्वेटर काढला तो कायमचा.

एका शिकाऊ मुलीनं त्यांना समजावलं, "काका, आतड्यांकडून लिव्हरकडे जाणारी मोठी शीर तुंबलीय. मग रक्त छोट्या शिरांमधून वाट काढतं."

"म्हंजे अंजूरफाट्याला जाम झाला का ट्रक आमच्या गल्लीत घुसतात, तसाच ना?"

"अगदी तसंच."

त्या दिवसापासून बाबा मास्तर झाले. मधे पंधरा दिवस घरी आले तर चाळीत रोज संध्याकाळी वर्ग. बनियन वर करून सांगायचे, "दोन बोटं शिरंवर दाब, मधलं रगत सारून टाक, आता एक बोट उचल. बेंबीखालची शीर खाली भरली तर आपला आजार. वर भरली तर तो दुसऱ्याचा." त्या दुसऱ्या आजाराबद्दल ते जरा तुच्छतेनंच बोलत. दिघाशीची आत्या भावाला बघायला रडत आली, तर तिला पदरानं डोळेही पुसू दिले नाहीत. तिचा हात धरून म्हणाले, "पानथरी बघ, प्लीहा म्हंत्यात ती. उजव्या अंगाला खालून सुरुवात कर. थेट डावीकडं घुसलीस तर हुकशील."

"हाय हाय दादा, लागली हाताला!" आत्या ओरडली.

"बरगडीखाली तीन बोटं वाढलीय," बाबा म्हणाले. माझ्या दहावीचे मार्क सांगतानाही ते इतके फुलले नव्हते.

आणि एवढ्या सगळ्यात खरी गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की तशाच शिरा अन्ननलिकेतही फुगल्यात, कधीही फुटतील, रक्ताची उलटी होईल. तोंडातून नळी घालून त्या शिरा रबरबँडनं बांधून टाकायला हव्यात. आमच्यात आजारी माणसाला असलं सांगत नाहीत, तो हाय खातो. मी बाबांना म्हटलं, नळीची साधी तपासणी आहे, कागदावर सही करा. साधी म्हटल्यावर बाबा कशाला ऐकतात? "न्हाय. पोरांची परीक्षा होऊ दे, मग बघू." ते साधे खोकले तरी मी रक्त आलं का ते बघायचे. तरी मी तोंड उघडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तीच मुलगी बाबांच्या वाट्याला आली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. घाबरून तिनं डावीकडून हात घातला. बाबा खाकरले. तिनं हात उजवीकडे नेला. पुढे पाणी, शिरा, पानथरी सगळं बिनचूक आलं. बाबा छताकडे बघत मान डोलवत होते.

"पुढे काय होऊ शकतं?" परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं.

मुलगी एका दमात बोलली. फूड पाइप, व्हेरिसेस, रप्चर, ब्लीडिंग, डेथ.

दोन महिन्यांत बाबांना यातला शब्द न् शब्द कळू लागला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बाबांची मान डोलायची थांबली.

"गुड," परीक्षक म्हणाले आणि मराठीत आले, "पेशंटला याची कल्पना दिलीय?"

मुलीनं चमकून बाबांकडे बघितलं.

"आत्ता दिली," बाबा म्हणाले. त्यांनी बनियन खाली ओढला. "पोरीला पास करा साहेब, बरोबर बोलली. आन् तो नळीचा कागद आना."

कागद आला. मी पडदा सारून आत गेले, पर्समधलं पेन त्यांच्या हातात दिलं.

"तुला ठाऊक व्हतं, बाय?"

मी होकाराची मान हलवली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

नळी दुसऱ्या दिवशी घातली, शिरा बांधल्या, बाबा वाचले. पण त्या दिवशी त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर काढत सही केली आणि माझं पेन मला परत न देता त्या मुलीच्या हातात दिलं.