खालचा कागद

“जेवायचं टेबल आहे की गॅरेज,” सासूबाई पुटपुटतात, हेमलताच्या कानापासून वीतभर अंतरावर. दोघी चटया टाकून आडव्या झाल्यात, कारण भर उन्हाच्या दुपारी मिरजेतल्या या घरात फरशीइतकं गार दुसरं काही नाही. टेबलावर हेमलताच्या नवऱ्याचा, दिनकरचा, कॉम्प्युटर उघड्या पोटानं बसलाय. दिवाळीआधी दिनकर गेला, तेव्हापासून सासू-सुना ताटं मांडीवर घेऊन जेवतात, पण टेबल आवरू या असं दोघींपैकी कुणी म्हणत नाही. नुसतं पुटपुटायचं, तेही डोळे मिटून.

आज मात्र आवरावं लागणार. मुलगा, तन्मय, संध्याकाळी पुण्याहून येतोय. फोनवर त्यानं समजुतीनं सांगितलं, चालत नाही ते ठेवून काय करायचं, सुटे भाग विकून टाकू. आणि चालत नाही हे खरंच आहे. हेमलता बटण दाबते, पंखा फिरतो, पडदा उजळतो, आणि चार-पाच मिनिटांत सगळं गप्प. सकाळपासून तिनं सगळ्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. व्हिडिओ बघून जेवढं शिकली होती तेवढं सगळं करून झालं. एकदा चालू दे, मग न्या काय न्यायचं ते, एवढंच तिचं म्हणणं.

दिनकरला त्यात कोकणकडा बघायचा होता. डोळ्यांवर चढवायचा, मान वळवली की समोरचा डोंगरही वळतो, तसल्या चष्म्यातून. जन्मभर गड चढलेला माणूस. फुप्फुसं आटत गेली तशी त्याची दुनिया ऑक्सिजनच्या नळीएवढी उरली, पलंगापासून टेबलापर्यंत. मग म्हणाला, गडच घरी आणू. नवा कॉम्प्युटर परवडण्यातला नव्हता. बंद पडलेल्या गेमिंग पार्लरचं ग्राफिक्स कार्ड, भाच्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा जुना डबा, असं गोळा करत संसार मांडावा तसा तो मांडला. पलंगावरून तो सांगायचा, हेमलता स्क्रू फिरवायची.

छताचा पंखा घरघरतोय. घरघर जड होत जाते, ऑक्सिजनच्या मशीनसारखी, आणि हेमलताच्या पापण्याही.

टेबलाशी दिनकर बसलाय. नाकात नळी नाही. अंगात गडावर जायचा विटका शर्ट, जो तिनं मागच्याच महिन्यात बोहारणीला दिला.

“हा कुठं होता गं?” तो विचारतो.

“कपाटातच की,” ती पटकन म्हणते. मेलेल्या माणसापुढेही तोंडातून आधी खोटंच बाहेर पडतं, हे तिचं तिलाच जाणवतं.

तो डब्यात वाकून बघतो. टेबल लांब लांब होत जातं आणि हॉस्पिटलमधला बाक होतं. ती ओळखते. याच बाकावर डॉक्टरांनी तिघांना सांगितलं होतं, तिला, सासूबाईंना आणि तन्मयला, की आता हे बरं होणारं नाही. तिघांनी बाहेर जाऊन चहा घेतला, आणि चहा संपायच्या आत ठरून गेलं, त्याला कळू द्यायचं नाही. परत आल्यावर तिघं त्याच्याकडे बघून हसली.

भिंतीवर आता एक आकडा झळकतोय. कॉम्प्युटरची उष्णता. सत्तर, पंचाहत्तर. दिनकरच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला आहे, त्यावर दुसरा आकडा. भिंतीवरचा चढतो तसा बोटावरचा उतरतो.

“अहो, बंद पडेल. सांगा ना काय चुकलं.”

तो उठून चालायला लागतो. ती मागं धावते. पायांखालची फरशी तापत जाते, खडबडीत होते, कातळ होते. पुढं काहीच नाही. नुसती खोल दरी आणि खालून वर येणारा वारा. कड्याच्या अगदी टोकाला डबा ठेवलाय. नव्वद. चिमट्यावरचा आकडा बघायला ती धजत नाही.

“मी विचारलं होतं तुला,” दिनकर म्हणतो. “खालचा कागद काढलास का?”

तिला आठवतं. प्रोसेसरवर बसतो तो पंख्याचा ठोकळा, उष्णता ओढून घेणारा, तो मात्र नवा आणलेला. त्याच्या बुडाला पातळ पारदर्शक कागद असतो. तो सोलून मगच ठोकळा बसवायचा. दिनकरनं पलंगावरून विचारलं आणि ती हो म्हणाली. काढला नव्हता. या घरात फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे, रिमोट पिशवीत आहे. नव्या वस्तूचं वेष्टण काढणं तिच्या हाताला माहीतच नाही. आणि त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणायची. आज दम कमी वाटतोय ना? हो. डॉक्टर खूश आहेत ना? हो. थंडीत जाऊ या ना गडावर? हो, हो.

“काढलास का?”

“नाही.”

“आणखी काय काय नाही?”

ती तोंड उघडते. वारा आत भरतो. तो वाट बघतो. मग तिचं मनगट धरतो, नेहमीसारखंच, जरा घट्ट.

“बरं. एवढं तरी काढू.”

दोघांचे हात डब्यात जातात. ठोकळा तव्यासारखा तापलाय. तिच्या अंगठ्याखाली काहीतरी सुटतं, चर्र करत सोलून येतं.

छताचा पंखा. फरशीवर उन्हाची पट्टी. सासूबाई उठून बसल्यात आणि तिच्या हाताकडे बघतायत.

अंगठ्याला पारदर्शक कागदाचा चौकोन चिकटलाय, कडेला प्रोसेसरवरची राखाडी पेस्ट. हेमलता टेबलाशी जाते. ठोकळ्याचे चारही स्क्रू तिनं आवळले होते तसेच घट्ट आहेत. ती बोटानं एकेक चाचपून बघते. मग बटण दाबते.

पंखा फिरतो, पडदा उजळतो. दोघी पडद्याच्या कोपऱ्यातल्या उष्णतेच्या आकड्याकडे बघत उभ्या राहतात. चार-पाच मिनिटं जातात. आणखी जातात. आकडा चाळिसावर येऊन थांबतो. पडद्यावर कडा उगवतो, हिरवागार.

“झोपेत ‘नाही’ म्हणालीस,” सासूबाई म्हणतात. “दिनू होता?”

हेमलता होकाराची मान हलवते. टेबलावरच्या, कधीच न वापरलेल्या त्या गडाच्या चष्म्याच्या भिंगांवरही प्लास्टिक आहे. ती ते नखानं सोलते आणि चष्मा त्यांच्यापुढं धरते. त्या घेत नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात.

“मरणार हे ठाऊक होतं त्याला, हेमा,” त्या म्हणतात. “आपणच त्याला बोलू दिलं नाही.”