फिल्टर मी दर रविवारी धुते

लोणावळ्यात एसी कशाला, असं मला विचारणाऱ्यांनी इथं एक जुलै काढून बघावा. चपलांना बुरशी येते, डब्यातला पापड न मोडता वाकतो आणि सोमवारी धुतलेलं लुगडं शुक्रवारीही हाताला ओलसर लागतं. आईच्या खोलीत मी एसी बसवला तो गारव्यासाठी नव्हेच, ओल काढण्यासाठी. भुशीच्या रस्त्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वडील गेल्यावर आई कुरवंड्याहून माझ्याकडे आली ती राहिलीच. मी शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. भाऊ आणि वहिनी तळेगावात माझ्यापेक्षा दुप्पट मोठ्या घरात राहतात, तरी आई माझ्याकडे असते, हे मी चारचौघांत अगदी सहज बोलल्यासारखं सांगायची. त्यात सहज काहीच नसायचं.

त्या एसीची काळजी मी जिवापाड घेतली. दर रविवारी स्टुलावर चढून झाकण उघडायचं, दोन्ही जाळ्या ओढून काढायच्या, नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं घासायच्या. जाळ्या अशा निघायच्या की पलीकडचा दिवा दिसावा. पावसाळ्यात त्या पुरत्या वाळायच्या नाहीत, मग तशाच दमट बसवायची. शिवाय माझी स्वतःची एक युक्ती होती. एसीच्या बरोबर खाली दोरी बांधून आईची लुगडी त्यावर टाकायची आणि एसी चालू करून शाळेत जायचं. चार तासांत लुगडं खडखडीत. ही युक्ती मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितली होती.

गेल्या पावसाळ्यात आईला खोकला लागला. औषधं झाली, वाफ झाली, खोकला काही हटेना. एका रविवारी वहिनी आली. आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या एसीला कुबट वास येतोय. आईंचा खोकला त्यानंच आहे. पाऊस संपेपर्यंत त्यांना मी नेते."

एरवी ती मला नावानं हाक मारते. वन्सं हा शब्द तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात वापरला असेल, त्यानंतर थेट त्या दिवशी. आणि कुबट! कुबट वास न वाळलेल्या फडक्याला येतो, नीट न पिळलेल्या पोछ्याला येतो, ज्या घरात कुणाचं लक्ष नाही त्या घराला येतो. मी सांगितलं की फिल्टर मी दर रविवारी धुते. ती हो म्हणाली आणि आईची पिशवी भरायला लागली. जिन्यावरून उतरताना आईनं मागं वळूनही पाहिलं नाही, आणि ते मी वहिनीच्याच खात्यावर घातलं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी वहिनीची जिरवायची कशी, या एकाच विचारावर काढले. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या मनात तिच्याशी भांडण चालू असायचं, आणि त्या भांडणात मी दर वेळी जिंकायची. तिच्या घरातल्या उणिवा मी आठवून ठेवल्या: सिंकखालचा पाइप ठिबकतो, गाद्यांना ऊन लागत नाही, पाहुण्यांच्या टॉवेलला नॅप्थलीनचा वास येतो. भावाचा फोन आला की आईची चौकशी करायची आणि वहिनीचं नाव निघालं की गप्प बसायचं. आईचा खोकला कमी झाल्याचं त्यानं सांगितलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. बरी होणार होती तर माझ्याकडे का नाही झाली?

शेवटी मी डाव ठरवला. एसीचं सर्व्हिसिंग करायचं, तेही वहिनीसमोर. आतून निघणारं पाणी स्वच्छ असणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. ते पाणी तिला दाखवायचं आणि मग कुबट शब्द परत घ्यायला लावायचा. मी फोन केला आणि फार गोड आवाजात म्हटलं, रविवारी या, तुमच्या डोळ्यांनी बघा. ती आली. मी तिला खुर्ची दिली, ती मुद्दाम एसीच्या समोरच.

मेकॅनिक तिकोणा पेठेकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं एसीभोवती प्लॅस्टिकची मोठी झोळी बांधली, तिचं तोंड बादलीत सोडलं. मी त्याला जाळ्या दाखवल्या. त्यानं त्या उजेडात धरल्या, चांगल्या आहेत म्हणाला. मी वहिनीकडे पाहिलं. मग त्यानं वाऱ्याच्या फटीतून आत बॅटरी मारली, खाली बांधलेल्या दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हितं कपडे वाळवता व्हय?"

मी हो म्हटलं, जराशा अभिमानानंच.

त्यानं पंप सुरू केला. झोळीतून पहिलं पाणी आलं ते काळं. मला वाटलं, पहिलं असंच येत असेल. दुसऱ्या बादलीत शेवाळासारखे बुळबुळीत लोळ पडले आणि वास सुटला. तो वास कुबटच होता, दुसरा शब्द नाही. जाळी वरवरची धूळ धरते, त्यानं समजावलं. कपड्यांचा बारीक तंतू तिच्यातून आत जातो, आतल्या ओल्या पंख्याला चिकटतो आणि तिथं बुरशी धरते. वर दमट जाळ्या लावल्या की तिचं आणखी फावतं. एसी बंद करण्याआधी पंधरा मिनिटं नुसता पंखा चालवायचा, म्हणजे आतलं सुकतं. हे तो अगदी साधेपणानं सांगत होता. त्यानं आतून एक गोळा उकरून माझ्या हातावर ठेवला. ते जांभळे धागे होते, आईच्या लुगड्याचे.

वहिनी आता काय बोलेल याची मी वाट पाहत होते. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिनं पदर खोचला, भरलेली बादली उचलली आणि मोरीत नेऊन ओतली. तीन बादल्या तिनं एकटीनं ओतल्या, फरशी पुसली आणि चहा न घेता निघून गेली. तिचा तो शहाणपणा मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबला. पुरती तोंडघशी पडले होते, आणि तरीही मनात एकच होतं: आईला आता तिच्या देखत घेऊन यायचं. एसी स्वच्छ झाला, मग अडवायला तिच्याकडे कारण काय उरलं?

पुढच्याच रविवारी मी तळेगावला गेले. वहिनी दळण आणायला बाहेर गेली होती, त्यामुळे देखत वगैरे काही जमलं नाही. आई गॅलरीत शेंगा निवडत बसली होती. मी पिशवी पुढं ठेवली आणि म्हटलं, चल. मग वहिनीबद्दल सहा आठवड्यांचं साठलेलं सगळं ओतलं. तिनं मला कसं उघडं पाडलं, तुला माझ्यापासून कसं तोडलं, हे सगळं.

आई शेंगा निवडायची थांबली. "तिला मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तू शाळेत गेलीस का वास लय यायचा. तुला सांगाया जीव धजंना. तू रागावली असतीस तर मी कुटं जाणार व्हते?"

मी कठड्याकडे तोंड फिरवलं. तिला ते रागावणंच वाटलं असावं, कारण ती घाईघाईनं उठली, आत गेली आणि लुगडी पिशवीत भरायला लागली. घड्या न करताच कोंबत होती. येतीय, येतीय, असं पुटपुटत होती. खोकला जवळजवळ थांबला होता तिचा. मी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली, लुगडी परत कपाटात लावली आणि म्हटलं की तुला वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर नको येऊस.

मी चपला घालत होते तेव्हा ती दारापर्यंत आली. रागावली न्हाईस ना, असं तिनं विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर पुन्हा एकदा विचारलं.