फितूर गुलमोहर

उद्या कोर्टात तारीख आहे. सिग्नल तोडल्याचं चलान मला मान्य नाही, कारण लाल दिवा गुलमोहराच्या फांदीआड दिसतच नव्हता. पुराव्यासाठी फोटो काढायला आज चौकात गेलो, तर फांदीच गायब! खोडावर ताजी, ओली खूण.

“सकाळी पालिकेची माणसं तोडून गेली,” झाडाखालची फुलवाली म्हणाली.

नेमकी आजच? कुणी सांगितलं त्यांना? कोपऱ्यातला हवालदार माझ्याकडे बघून हसल्यासारखा वाटला. माणूस एकदा आरोपी झाला, की झाडंसुद्धा फितूर वाटू लागतात.

“कुणीतरी तक्रार केली होती म्हणे,” गजरा ओवता ओवता ती म्हणाली.

तक्रार मीच केली होती, चलान आलं त्या दिवशी, रागाच्या भरात. ती कुणी वाचेल, असा संशय मात्र तेव्हा आला नव्हता.