दुकानाचं नवं दार

लोणावळ्यात आमची लाकडाची वखार होती आणि तिच्या पुढच्या खोलीत खिळे, बिजागऱ्या, कड्यांचं दुकान. दाराचं लाकूड न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वडील बजावत, "चौकटीत फट ठेवा. इथल्या पावसात लाकूड फुगतं." उन्हाळ्यात दुकानाला नवं सागवानी दार बसवलं, तेव्हा मात्र त्यांनी केसभर फट ठेवू दिली नाही. म्हणे, फटीनं शोभा जाते! एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

श्रावणात एका सकाळी झड येते म्हणून त्यांनी आतून दार लोटलं, ते घट्ट बसलं. लाथ कुणाला मारू देईनात, दाराला ओरखडा पडेल म्हणून! दुपारपर्यंत खिळे खिडकीच्या गजांतून विकले. कुरवंड्याचे एक आबा खिडकीशी येऊन म्हणाले, "भाऊ, आमाला सांगता फट ठिवा, आन् सवता?" सगळ्यांत मोठ्यांदा वडीलच हसले.

शेवटी आई आली. पदर खोचून तिनं खांद्यानं असा धक्का मारला की दार धाडकन उघडलं. मग रंधा घेऊन तिनंच दाराची कड तासली.

तेव्हापासून कुणी फटीचं विचारलं, की वडील खुशीत घराकडे बोट दाखवत, "ते खातं तिकडे."