दोन रेघा, गपबठ

संबंध खानदेशात आमच्या थोरल्या साडूंइतकी प्रेमाने मोडतोड करणारा माणूस दुसरा नसेल. धुळ्यात पॉलिटेक्निकला उभी हयात शिकवून ते निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसं देवळाच्या कमिटीवर भांडायला जातात त्या वयात नानांनी कॉम्प्युटर पाडायचं हत्यार लिहायला घेतलं. कुठलाही प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मूळ यंत्रणेकडे सतत काही मागत असतो: ही फाइल उघड, थोडी मेमरी दे. नानांचं हत्यार त्याच दारात उभं राहून वेड्यासारखं मागतं: नसलेली फाइल उघड, शून्याहून कमी मेमरी दे. यंत्रणेने ठाम नकार दिला तर ती शहाणी. गोंधळून कोसळली तर तिच्यातला दोष सापडला. "पिऊन आलेल्या वऱ्हाड्यासमोर जो टिकतो तोच खरा आचारी," असं ते समजावतात.

पण नानांचा जीव हत्यारात नाही, त्याच्या पर्यायांत आहे. हुकूम टाइप करायचा, मागे दोन आडव्या रेघा आणि एक शब्द. त्या शब्दाने हत्याराला सांगायचं, काय माग, काय टाळ, किती बडबड कर. हा शब्द धुळ्याहून जळगावला फोनवर सांगता आला पाहिजे आणि स्वयंपाकघरात अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ऐकून कळला पाहिजे, असा दंडक. म्हणून सगळ्या मागण्या एकदम करायच्या तर 'बठ्ठा', एखादी टाळायची तर 'वगळ', आणि पडद्यावर अक्षर न उमटवता काम करायचं तर, अहिराणीत एखाद्याला गप्प बसवतात तसं, 'गपबठ'.

बाहेरही ते पर्यायांतच बोलतात. जळगावला आमच्या कोपऱ्यावर म्हणाले, "चहा. साखर वगळ. आलं ठेव. बाकी कालचंच."

चहावाला दुखावला. "नाना, कालचं कसं देऊ? आत्ता उकळलाय!"

नाना दिवसभर खूश. "बघ, आपण बोलतो एक, घेणारा घेतो दुसरंच!" चाळीसगावच्या लग्नात तर वाढप्याला सांगितलं, "तूप, थांब म्हणेपर्यंत," आणि शेजाऱ्याला बियाणं समजावण्यात थांब म्हणायचं राहिलं. बट्टी तरंगायला लागली.

बियाणं म्हणजे एक आकडा. हत्याराचा वेडेपणा त्या आकड्यातून उगवतो. तोच आकडा पुन्हा पेरला की तोच वेडेपणा जसाच्या तसा उगवतो. कॉम्प्युटर पडला आणि बियाणं हाती असलं, तर यंत्रणेची निगा राखणाऱ्या मंडळींना दोष दाखवता येतो. नसलं, तर ती मंडळी फक्त हसतात. आयुष्यात असा एक तरी दोष बियाण्यासकट पाठवायचा, एवढीच नानांची इच्छा. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर काही केल्या पडेना, म्हणून त्यांची नजर जळगावात माझ्या जुन्या डबड्यावर गेली, आणि मी या हत्याराचा जगातला एकमेव गिऱ्हाईक झालो. पहिल्याच दिवशी कुठल्या फोल्डरवर सोडायचं हे न सांगता मी ते चालवलं आणि सासऱ्यांच्या एकसष्टीचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून सासरे नानांशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात. हा न्याय कसला, ते मला विचारू नका.

त्या रविवारी दुपारी नाना धुळ्याहून फोनवर होते. "दोन रेघा, बठ्ठा."

"टाकलं, नाना."

"आते गप बठ."

मी आज्ञाधारक माणूस. दोन रेघा, गपबठ.

थोड्या वेळाने पडदा गोठला, माउस मेला, पंखा बोंबलायला लागला. "नाना, पडलं! पडलं!"

तिकडे खुर्ची सरकल्याचा, मग पेला लवंडल्याचा आवाज. "बियाणं सांग! वरच्या ओळीत!"

"वर काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात ना, गपबठ."

 मागून अक्कांनी विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नही," नाना म्हणाले. "मी त्याले गप बठ म्हनं, तर त्यानी ते टाइप करी टाकं."

अक्का इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. नाना म्हणाले, "चूक तुन्ही नही, भो. शब्द मीच तसा ठेवला." दुसऱ्या दिवशी हत्याराची नवी आवृत्ती आली. आता गपबठ म्हटलं तरी ते आधी बियाणं लिहितं आणि मगच मिठाची गुळणी धरतं. शब्द मात्र नानांनी बदलला नाही. अक्कांना आवडतो, म्हणाले.

तो दोष पुन्हा आला नाही. दर रविवारी आम्ही बसतो. जे डबडं एरवी गॅस बुकिंग करताना मान टाकायचं, ते आता पहिलवानासारखं उभं असतं. त्याने एकदा तरी कोसळावं म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालतो. नानांचा आवाज हल्ली जरा बारीक झालाय. "पडलं का?" हे ते विचारतात पूर्वीसारखंच, मी "नाही" म्हणतो. मग म्हणतात, "बरं. आते गप बठ."

आणि मी हात मांडीवर ठेवून नुसता बसतो. फोन आम्ही दोघेही ठेवत नाही.