दोन बोटं मोकळी जागा

सगळं जग दुकानात माल घ्यायला जातं. आमचे पन्नीवाले चाचा मात्र मालाच्या अंगावरचा कपडा पाहायला जायचे. आत बिस्कीट आहे, साबण आहे की उंदराचं औषध, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. पाकीट हातात आलं की आधी त्यावर अंगठा फिरवायचे, मग कानाजवळ नेऊन चुरगाळायचे, मग उजेडात धरून कडेची शिवण बघायचे. दुकानदार वैतागून "चाचा, घेता का ठेवता?" म्हणाला की त्यालाच विचारायचे, "हा रोल कुठून येते रे?" लग्नाची पत्रिका आली तर नवरानवरीचं नाव वाचायच्या आधी ते सोनेरी अक्षरांवर नख घासायचे. माझ्या चुलतभावाच्या लग्नाच्या, मुलीकडच्यांनी छापलेल्या पत्रिकेचा वर्ख त्यांच्या नखाला निघून आला, तेव्हा ते माझ्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, वर्ख कच्चा हाय. पोरीकडचे लोक जरा पाहून घ्या." लग्न झालं, संसार चांगला चालला, तरी त्या सोयऱ्यांकडे चाचा शेवटपर्यंत संशयानेच बघत.

अकोल्याच्या जुन्या शहरात, माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पन्नीच्या म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, मिठाईचे खोके, पाकिटांचे रोल, पायाने दाबायचं सीलिंग मशीन, आणि कोपऱ्यात सोनेरी वर्ख ठोकायचा जुना हातदाब, म्हणजे हाताने दाबायचं छपाईयंत्र. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि दुपारच्या वेळी मी आईचं काम आटोपून त्या दुकानाच्या पायरीवर बसू लागले. मी बोलत नसे, म्हणून चाचा दोघांचं बोलायचे. "ग्लॉसची चमक म्हंजे वरातीतला बँड. दुरून समजते. बिनचमकीच्या मॅटचं तसं नाई. जवळ ये, हात लाव, तवा समजन." मग एखादा तुकडा माझ्या हातात द्यायचे. "सांग बेटी, कशी लागते?" मी मान खाली घालून म्हणायची, "चांगली." "चांगली तर म्हैसबी असते. पन्नी कशी लागते ते सांग." मला सांगता येत नसे. बोटांना कळायचं, पण तोंडापर्यंत काही यायचं नाही. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून "मुकी आहे का?" असं विचारलं की चाचा चिडून म्हणायचे, "मुकी काहून असन? मॅट आहे."

त्यांची आणखी एक खोड म्हणजे बसणं. चाचांच्या स्टुलावर गादी नव्हती; सील करून दिलेलं प्रत्येक नमुन्याचं पाकीट त्यांच्याखाली जायचं. दाण्याचा कूट असो, हळद असो, पापड सोडून सगळ्यावर ते बसत. चहा पीत, पेपर वाचत, आणि उठून पाकीट तपासत. कोणी हसलं तर म्हणायचे, "आपल्याकडची बाई यष्टीत जागा नाई भेटली तं पिशवीवरच बसते. जे पाकीट मले सोसत नाई, ते तिले काय सोसन?" चाचांचं वजन भरपूर होतं, त्यामुळे ही परीक्षा सोपी नव्हती. गल्लीतल्या एका मिठाईवाल्याने तर दुकानावर पाटी लावायचं मनात आणलं होतं की आमच्या मालावर चाचा बसलेले आहेत.

माझं लग्न तेल्हाऱ्याकडच्या गावात झालं. पुढे ती वर्षं आली, कापसावर कोणाचंच घर चालेनासं झालं आणि गावात माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागली. आम्ही बायकांनी जवसाची चटणी करायला घेतली. सासूबाईंच्या हाताची चटणी पंचक्रोशीत नावाजलेली. सुरुवातीला आम्ही साध्या पन्नीत भरायचो, पन्नीची कड करवतीच्या पात्यावर दुमडायची आणि मेणबत्तीवरून फिरवायची. चाचांनी ते पाकीट पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले, जसं कोणाला उघडं पाहिलं असावं. मग स्वतःचं जुनं मशीन आम्हाला वापरायला दिलं, मॅटची पाकिटं करून दिली, आणि अकोल्यात नवीनच निघालेल्या काचेच्या दाराच्या दुकानात, जिथे लोक आपला माल आपणच उचलून टोपलीत टाकतात, तिथे आमची खोकी ठेवायला लावली.

थोड्याच दिवसांत खोकी परत आली. शिवणीतून तेल झिरपून फळीवर उतरलं होतं, आणि मुंग्या लागल्या होत्या त्या शेजारच्या महागड्या बिस्किटांना. दुकानाच्या शेठने निरोप पाठवला की दिवाळीच्या आधी एकदा बघतो, तेव्हाही गळलं तर पुन्हा दाराशी येऊ नका. घरात तेवढीच एक कमाई उरली होती. त्या दिवशी कोणी कुटायला बसलं नाही.

चाचा मात्र दुसऱ्या दिवशी यष्टीने गावात हजर. आल्याबरोबर परत आलेलं एक पाकीट फाडलं, शिवण उलगडली आणि तिच्यात अडकलेला तिखटाने लाल झालेला जवसाचा कण नखावर घेऊन आम्हा सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "दाराच्या फटीत पाय ठेवला तं दार लागन का? मी सांगतलं होतं, वरून दोन बोटं जागा मोकळी ठेवा. चला, मले भरून दाखवा." आम्ही भरू लागलो. काट्यावर वजन बरोबर झालं, आणि सासूबाईंनी सवयीने त्यावर एक मूठ चटणी आणखी टाकली. पाकीट काठोकाठ.

"भाभी, हे काय?"

"वरचं."

"कायचं वरचं?"

"भाऊ, माप भरलं का वरून मूठभर टाकाच लागते. नाई तं माप उपाशी रायते."

"अवं, पन ते दुकान आहे! तिथं तुमची मूठ कोन मोजते?"

"मोजाले कोन सांगते? हातानं सुटत नाई, त्याले मी काय करू?"

चाचांनी सासूबाईंना खूप समजावलं. हवेचं शास्त्र सांगितलं, शिवणीचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "खरं आहे भाऊ" म्हटलं, आणि पुढच्या पाकिटात मूठ टाकली. गावात तर दाराशी आलेल्या कोणालाही तिळाचं, मिरचीचं, कशाचंच सपाट माप कधी दिलं गेलं नव्हतं. आम्ही बाकीच्या बायकाही तशाच. आता काही होत नाही, असं मला वाटलं. चाचांनी समजावणं सोडलं. ते सासूबाईंच्या लुगड्याकडे बघत होते.

आठवडाभरात ते परत आले ते नवीन पाकिटं घेऊन. रोल कापून पाकीट मूठभर उंच केलेलं, आणि वरच्या कडेखाली दोन बोटं सोडून, हातदाबाने ठोकलेला सोनेरी वर्खाचा काठ. अगदी लुगड्याचा काठ, बारीक रुईफुलाचा. "भाभी, मूठ टाका. आता मुठीची जागा हाय. पन काठाले चटनीचा हात नाई लागला पायजे."

सासूबाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "काठाले तेलाचा हात कोन लावन भाऊ? आमी का वेड्या आहो?" आणि खरंच, त्यांची मूठ काठाच्या खाली येऊन थांबली. आम्हा सगळ्यांच्या मुठी थांबल्या. वरची दोन बोटं स्वच्छ राहिली. चाचांनी एक पाकीट सील करून तिथेच ओट्यावर ठेवलं आणि त्यावर बसले. सासूबाईंनी लाजून तोंडाला पदर लावला, पण पाकीट फुटलं नाही.

दिवाळीच्या आधी त्या दुकानात मला एकटीलाच आत जावं लागलं. चाचा काचेच्या दाराबाहेर उभे राहिले. "माल तुमचा, तोंड तुझं. मी आलो तं मी बोलीन, अन् मंग तो शेठ माझाच माल समजन." मी शेठच्या हातात पाकीट दिलं. त्याने विचारलं, "गळणार नाही कशावरून?" मी कसंबसं म्हटलं, "हात लावून पाहा." त्याने अंगठा फिरवला, काठावर थांबला, पण चेहरा काही सैल झाला नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष बाहेर गेलं. काचेपलीकडे चाचा दोन्ही हातांनी खाली दाबल्यासारखं करून अर्धे उठत होते, अर्धे बसत होते.

"ते काय सांगून राहिले?"

"बसा म्हणतात," मी म्हटलं.

"कुठे?"

"पाकिटावर."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, पाकीट खुर्चीवर ठेवून तो खरंच बसला. वजनात चाचांपेक्षा कमी नव्हता तोही. उठून त्याने शिवण बघितली, बोट फिरवून बोट नाकाशी नेलं. कोरडं. "खोकी आणा," म्हणाला. बाहेर चाचांनी आभाळाकडे बघून हात जोडले की दुवा मागायला उघडले, काचेमुळे मला नीट दिसलं नाही. डोळ्यांमुळेही असेल.

चटणी चालली, अजून चालते. आता पाकिटं मोठ्या मशीनवरून छापून येतात आणि काठही छापलेलाच येतो. चाचांचं दुकान त्यांच्या पुतण्याकडे आहे. मागच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा चाचा त्याच स्टुलावर बसले होते. साखरेच्या दुखण्याने त्यांची बोटं बधिर झाली आहेत. गरम चहाचा पेलाही कळत नाही. मी नवीन पाकीट त्यांच्या हातात दिलं. जुन्या सवयीने अंगठा फिरला, पुन्हा फिरला, आणि थांबला. त्यांनी पाकीट माझ्याकडे परत दिलं.

"सांग बेटी, कशी लागते?"

मी पायरीवर बसले. डोळे मिटून अंगठा फिरवला. "नव्या ज्वारीच्या पिठात बोट बुडवल्यासारखी लागते चाचा. वर जरा कोरडी, दाबली की मऊ."

"अन् काठ?"

"काठ गार आहे. सपाट छापलाय, नखाला अडत नाही. तुमचा अडायचा."

"अडायचा ना?"

"अडायचा."

चाचांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, चाचपडत स्टुलावर ठेवलं आणि त्यावर सावकाश बसले. पुतण्या आतून हसला. मी हसले नाही. चाचा उठून शिवण तपासायला पाकीट माझ्याकडे देतील, म्हणून मी पायरीवर हात पुढे करून बसून राहिले.